वाचन आणि अर्थ

संगणकाच्या असेंब्ली भाषेंत फाईल कशी वाचतात, हें हल्लीं मी नातवाजवळ बसून शिकत आहें. लिनक्समध्यें प्रथम फाईल उघडावयाची. मग किती बाइट हवेत आणि ते स्मृतींत कोठें ठेवावयाचे, हें सांगावयाचें. उत्तरादाखल मिळालेल्या बाइटांची संख्या येते; शून्य आलें, म्हणजे फाईल संपली.

खरी मौज पुढेंच आहे. फाईलींत इंग्रजी अंकांनीं १०८ लिहिलेले असले, तरी आस्की संकेताप्रमाणें हातीं ४९, ४८, ५६ एवढेंच येतें. वाचन झालें, संख्या अद्याप दूरच! प्रत्येकांतून ४८ वजा करावे, आधींचें फळ दहांनीं गुणून त्यांत पुढचा अंक मिळवावा: १, १०, १०८. तेव्हां कोठें संख्या सिद्ध होते.

अर्थ न जाणतां वेद घोकणाऱ्यास निरुक्तांत भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. वर्गांत ती मीं कितीदां तरी सांगितली. यंत्रानें ती डोळ्यांपुढें उभी केली. म्हणून वाचकहो, सायंकाळीं मुलांचा परवचा ऐकतांना एखाद्या तरी पदाचा अर्थ त्यांस अवश्य विचारीत जावा.