रंगाआधीचे दिवस

६ डिसेंबर
बाबांचं पुस्तकांचं कपाट आता लेकीच्या खोलीत जाणार. तिला ते पांढरं हवंय. लाकूड जंगली, त्यावर गडद महोगनी स्टेन आणि वर जुनं पॉलिश. जिन्याचं काम करणाऱ्या पेंटरकाकांना दाखवलं. त्यांनी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फळीखाली दाबून धरला. जरा वेळानं पॉलिश चिकट झालं, बोळा तांबूस. म्हणाले, "चपडीचं पॉलिश आहे, ताई. आणि हा लाल बघून ठेवा. पांढऱ्यातून हाच वर येतो."

७ डिसेंबर
सकाळभर घासकाम. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०चा, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. लाकूड उघडं पाडायचं नव्हतं, नुसती चकाकी मारायची होती. गुळगुळीत पॉलिशवर प्रायमर धरत नाही, नखानंही सुटतो. घासताना चपडी तापून पेपरात गोळा होते, म्हणून तो सतत झटकत राहिले. नक्षीच्या खाचेत पेपर दुमडून घातला. तोंडाला मास्क, खिडक्या सताड उघड्या. शेवटी टर्पेंटाइनच्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं.

८ डिसेंबर
कपाटाच्या पाठीवर तीन चौकोन रंगवले. पहिल्यात पाण्याचा पांढरा प्रायमर, दुसऱ्यात ऑइलचा वूड प्रायमर, तिसऱ्यात आधी चपडी आणि ती वाळल्यावर ऑइलचा प्रायमर. चपडी म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची ही राळ स्पिरिटमध्ये विरघळते आणि स्पिरिट उडालं की पातळ, घट्ट पापुद्रा मागे ठेवते.

९ डिसेंबर
पहिला चौकोन चहा सांडल्यासारखा पिवळट-तपकिरी झालाय. प्रायमर ओला असताना त्यातल्या पाण्यानं लाकडातलं टॅनिन आणि स्टेनचा रंग उचलला. दुसरा बराच स्वच्छ, पण गाठीवर गुलाबी डाग. तिसरा पांढरा स्वच्छ. असा डाग पांढऱ्या रंगाचे आणखी हात चढवून बुजत नाही. तो प्रत्येक हातातून झिरपत वर येतो. त्याला खालीच अडवायला हवं.

दुपारी सगळ्या कपाटाला चपडीचा पातळ हात दिला. ब्रश एकदाच सरळ ओढायचा, त्याच जागी परत फिरवायचा नाही. स्पिरिट खालचा स्टेनही सोडवतं. दुसऱ्यांदा ब्रश फिरला की लाल रंग त्याबरोबर वर येतो. गाठींवर मात्र पहिला हात वाळल्यावर दुसरा दिला. हवा कोरडी आहे हे बरं. पावसाळ्यात दमटपणानं चपडीवर पांढुरकी झाक येते.

१० डिसेंबर
ऑइल प्रायमरचा पहिला हात. कडांवर ओघळ येऊ दिले नाहीत. लेक विचारत होती, "आई, हाच रंग का?" तिला पाठीवरचे तीन चौकोन दाखवले. बराच वेळ बघत उभी राहिली.

११ डिसेंबर
खिळ्यांची भोकं आणि चिरा आज लांबीनं भरल्या. प्रायमरआधी भरली असती तर कोऱ्या लाकडानं लांबीतलं तेल शोषून ती पुढे भुसभुशीत झाली असती. वाळल्यावर घासून प्रायमरचा दुसरा हात. संध्याकाळी टॉर्च आडवा धरून प्रत्येक फळी तपासली. कुठंही गुलाबी नाही.

१३ डिसेंबर
इनॅमलचे दोन पातळ हात पुरले. शेजारच्या वहिनी त्यांचं देव्हाऱ्याचं कपाट रंगवणार आहेत. थेट रंगाचा डबाच आणायला निघाल्या होत्या. त्यांना सांगितलं, आधी मागच्या बाजूला चौकोन रंगवा, रात्रभर थांबा, आणि कोणता प्रायमर लावायचा ते सकाळी त्या चौकोनांकडे बघून ठरवा.