मेंदीतली वरात



लगीनसराई जवळ आली की मेंदीच्या नक्षीचा विषय निघतोच. आपल्या लहानपणी नक्षी ती कसली! कुंपणाचा पाला तोडायचा, पाट्यावर वाटायचा, त्यात थोडा काथ आणि चहाचं पाणी घालायचं. तळहाताच्या मधोमध एक मोठा ठिपका, भोवती बारीक ठिपके आणि बोटांना टोप्या. कुणी फारच हौशी असली तर काडेपेटीच्या काडीने कोयरी काढायची. पुढे कोन आले. मग मारवाडी पद्धतीची जाळी, वेल, मोर अशी गच्च भरलेली मेंदी आली. मग मोठ्या फुलांची, मोकळी जागा सोडणारी अरबी आली. आता तर हातावर नवरा-नवरीचे चेहरे, डोली, घोडा, सनई-चौघडा, सगळी वरातच असते.

आमच्या नणंदबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "मामी, वरात काढायचीच तर मी नेमी-राजुलची काढणार."

घरात एकदम शांतता. नणंदबाई म्हणाल्या, "अगं, जी वरात दारातून परत फिरली, ती नवरीच्या हातावर? अपशकुन करतेस का?" तिच्या आजींचं म्हणणं वेगळं होतं. "भगवंतांची आकृती हातावर काढायची आणि त्याच हातांनी जेवायचं, आंघोळ करायची?"

कथा आपल्याला पाठ आहे. नेमिकुमारांची वरात जुनागढला राजुलच्या दारी आली. लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांनी ऐकला, त्यांना सोडवलं आणि तिथूनच ते गिरनारकडे वळले. मेंदी लावून वाट पाहणाऱ्या राजुलनेही शेवटी तोच मार्ग धरला. परभणीकरांना ही कथा परकी नाही. जिंतूरजवळचा आपला नेमगिरी त्याच बाविसाव्या तीर्थंकरांच्या नावाने ओळखला जातो.

मला दोन्ही हरकती सारख्या वाटल्या नाहीत. अपशकुनाची मला पटली नाही. फळ मिळतं ते आपल्या कर्मांचं, चित्राचं नव्हे. आणि राजुलला आपण अभागी समजत असू, तर दरवर्षी तिची कथा ऐकतो कशाला? आजींची हरकत मात्र बरोबर होती. मेंदी आठ-दहा दिवस हातावर असते. ते हात भांडी घासतात, फरशी पुसतात, मोरीतही जातात. णमोकार मंत्र किंवा जिनप्रतिमा अशा ठिकाणी नेणं म्हणजे अविनयच. हल्ली हौसेने ॐ आणि मंत्रही काढतात, त्यांनाही हेच लागू आहे.

मग मी भाचीला विचारलं, "या कथेतलं तुला नेमकं काय हवंय?" ती म्हणाली, "जनावरं सुटतात ते."

तेच काढलं. उजव्या तळहातावर एक वाडा, त्यातून बाहेर पडणारी हरणं, पाडसं आणि वासरं. डाव्या हातावर कलश आणि कमळ. मनगटावर नेमिनाथांचं लांछन, शंख. मेंदी काढणारी मुलगी आपल्या समाजाची नव्हती. तिने विचारलं, "काकू, वाड्याचं दार बंद काढू का उघडं?" भाची म्हणाली, "उघडंच. त्यासाठीच तर सगळं आहे."

मेंदी वाळेपर्यंत भाची विचारात होती. मग म्हणाली, "मामी, हातावर जनावरं सोडायची आणि नवरदेवाचा घोडा बँडच्या दणदणाटात तास-दोन तास उभा करायचा, हे कसं जुळेल?" तिने स्वतःच सासरी फोन केला. जावईबापू मोटारीतून आले. शालू मात्र ती रेशमीच नेसली. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. नणंदबाईंना अजून सगळं पटलेलं नाही, पण शंख त्यांनी दोन-तीनदा निरखून पाहिला.

आता थोडं कामाचं. मेंदीचा कार्यक्रम दुपारचं जेवण झाल्यावर लगेच सुरू करा. थंडीत आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा नवरीला त्याआधी भरवून घ्या. नाहीतर ओल्या हातांमुळे तिचा चौविहार मोडतो किंवा ती उपाशी राहते. मेंदी घरीच भिजवा. लिंबू, साखर, निलगिरीचं तेल पुरे. काही जणी मध घालतात, तो आपल्याला चालत नाही. तयार कोन काळा रंग देत असेल तर हातही लावू नका. पाल्याचा रंग आधी केशरी येतो आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो, काळा कधीच होत नाही. काळ्यात केसांच्या कलपातलं रसायन असतं, त्याने हातावर फोड येतात. घरचा कोन फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. जो महिनोन्महिने दुकानात टिकतो, त्यात काय असेल याचा विचार करा.

तुमच्या घरी पुढचं लग्न असेल तेव्हा नवरीला नुसतं पुस्तकातलं डिझाइन दाखवू नका. हातावर काय हवं आणि का हवं, हे तिला विचारा. मुली चांगलं उत्तर देतात.

जय जिनेंद्र.