सरोवराकांठचा एक हिवाळा

थंडी म्हणजे काय हें आपणांस ठाऊक आहे, असा माझा साठ वर्षें समज होता. माझें बालपण निफाडास गेलें. निफाडची थंडी वर्तमानपत्रांत छापून येते. द्राक्षांच्या मळ्यांतून पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. तेव्हां 2018 च्या ऑक्टोबरांत सूनबाईच्या बाळंतपणासाठीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, दुलूथ या गांवीं जाण्याचें ठरलें, त्या वेळीं शेजारणींनीं दिलेले सल्ले मीं हंसण्यावारीं नेले. दोन शाली, एक स्वेटर आणि डिंकाचे लाडू, एवढ्या सामग्रीवर माझी स्वारी निघाली.

दुलूथ हें सेंट लुइस परगण्याचें मुख्य ठाणें. परगणा आपल्या पुणें जिल्ह्याहून थोडा मोठाच, पण वस्ती जेमतेम दोन लाखांची. नकाशांत पाहिलें तर पॅरिस शहर दुलूथहून उत्तरेस आहे. मग तेथें नाहीं ती थंडी येथें कां? चिरंजीवांनीं समजावून दिलें तें असें, कीं पॅरिसला पश्चिमेकडच्या समुद्राची ऊब मिळते. इकडे मात्र उत्तर ध्रुवाकडून सुटलेल्या वाऱ्याला आडवा पडेल असा एकही मोठा डोंगर वाटेंत नाहीं. (आपल्या हिमालयाचे उपकार मला त्या दिवशीं प्रथम कळले.)

गांव सुपीरियर सरोवराच्या टोंकाला, चढणीवर वसलेलें आहे. विस्तारानें पाहतां गोड्या पाण्याचें याहून मोठें सरोवर जगांत नाहीं. घरांतील एखाद्या जुन्या कर्त्या माणसासारखा त्याचा स्वभाव: लवकर तापावयाचें नाहीं, आणि तापलें कीं लवकर निवावयाचें नाहीं. म्हणून शरदांत आंतल्या खेड्यांवर बर्फ पडूं लागला तरी कांठावर नुसता पाऊस असतो. उलट एप्रिल-मे महिन्यांत आंतले लोक उघड्या डोक्यानें हिंडत असतां कांठावर पाण्यावरून येणारा वारा हाडें गोठवितो. नोव्हेंबर हा सरोवराच्या रागाचा महिना. 28 नोव्हेंबर 1905 रोजीं ‘मटाफा’ नांवाचें जहाज बंदराच्या अगदीं तोंडाशीं फुटलें. कांठावर हजारों लोक शेकोट्या पेटवून रात्रभर उभे होते, पण लाटांपुढें होडी घालतां येईना, आणि नऊ खलाशी गांवाच्या डोळ्यांदेखत गारठून मेले. चिरंजीवांनीं ती जागा मला दाखविली. धक्क्यापासून ती इतकी जवळ होती, कीं हांक मारली असती तर ऐकूं गेली असती.

डिसेंबरांत नातू झाला. तिन्हीसांजा तेथें साडेचारच्या आंतच होतात. दुपारचा चहा आणि देवापाशीं दिवा यांत अंतर म्हणून राहत नाहीं. सूनबाईचें माहेर नागपूरचें, उन्हांत वाढलेली मुलगी. पण या घरांत थंडीचे कायदे तिनें केलेले, आणि ते मोडण्याची कोणास मुभा नव्हती. मोटारींत घोंगडी, फावडें आणि मेणबत्ती असलीच पाहिजे. रात्रीं मोटारीच्या यंत्राला विजेची ऊब लावून ठेवली पाहिजे. कडक थंडींत नळ थेंबथेंब गळत ठेवला पाहिजे, नाहींतर भिंतींतल्या नळ्या फुटतात. आणि सर्वांत मुख्य कायदा हा, कीं दाराबाहेर पाऊल टाकतांना, मग तें दोन मिनिटांसाठीं कां असेना, कोणास तरी मोठ्यानें सांगून जावयाचें. “आई, सांगून जात जा हं,” असें ती मला दिवसांतून तीन वेळां म्हणे. खरें सांगावयाचें तर मला राग येई. चाळीस वर्षें संसार केलेल्या बाईनें अंगणांत जातांना सुनेची परवानगी घ्यावी काय? पोर कर्तव्याला चोख आहे, पण मनानें कोरडी, असा शेरा मीं यजमानांस फोनवर दिलासुद्धां.

मग 2019 च्या जानेवारीची अखेर आली. ध्रुवावरची हवाच जणूं खालीं घसरली. टपाल बंद, शाळा बंद. आमच्याकडे पारा उणे तीस अंशांच्याही खालीं गेला. सरोवराच्या उघड्या पाण्यावरून उकळत्या हंड्यासारखी वाफ उठत होती. त्याच परगण्यांतील एका खेड्यांत 31 तारखेस उणे 49 अंश सेल्सिअसची नोंद झाली. खेड्याचें नांव कॉटन, म्हणजे कापूस! टॉवर या गांवीं तर 2 फेब्रुवारी 1996 रोजीं उणे 51 झालें होतें. निरभ्र, निर्वात रात्रीं जमिनीची ऊब आकाशांत निघून जाते आणि जड झालेली थंड हवा सखल भागांत सांचते. आमच्या निफाडालाही रात्रीं अशाच निवतात. पण कुठें तें आणि कुठें हें!

त्या दिवसांत एके दुपारीं चिरंजीव कामावर आणि सूनबाई बाळाला घेऊन माडीवर निजलेली. जेवणाआधीं पांखरांसाठीं घांस काढून ठेवावयाची माझी जुनी संवय. तेथें कावळ्याऐवजीं काळ्या टोपीचीं चिमुकलीं पांखरें येत. मी मूठभर भात घेऊन, अंगावर शाल आणि पायांत सपाता, अशी मागल्या दारानें बाहेर गेलें. मागें खट्‌कन आवाज झाला. दार आपोआप लागणारें. घंटा वाजवावी, तर बाळाची झोंप मोडते म्हणून ती मींच काढावयास लावली होती. दार ठोठावलें, हांका मारल्या. दुहेरी कांचांच्या खिडक्यांतून आवाज आंत जातो कुठला! पहिल्या मिनिटांत नाकपुड्या आंतून गोठल्या. मग बोटें दुखूं लागलीं, आणि थोड्या वेळानें दुखावयाचींच थांबलीं. तें थांबणें मला बरें वाटलें. तीच भीतीची गोष्ट होती, हें मागाहून कळलें.

समोरच्या घरची वृद्ध बाई, फिनलंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांची नात, कोटाचीं बटनेंही न लावतां धांवत आली व मला दंडाला धरून आपल्या स्वयंपाकघरांत घेऊन गेली. मी हात चोळूं लागलें, तर तिनें चोळूं दिले नाहींत. कोमट पाण्यांत धरून ठेवले. बोटांत जीव परत येतांना ज्या कळा आल्या, त्या येथें लिहीत नाहीं. बाहेर मी एकंदर पांच मिनिटेंही नव्हतें. बोटांची सालपटें पुढें तीन आठवडे निघत होतीं.

सूनबाई आली ती पायांत एक बूट आणि एक मोजा अशी. मीं बोलणीं खाण्याची तयारी केली होती. ती एक शब्द बोलली नाहीं. माझे हात आपल्या हातांत घेऊन एकेक बोट पाहूं लागली, दहाही झालीं तेव्हां पुन्हां पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या कपाशेजारीं एक किल्ली होती, तांबड्या गोफांत ओंवलेली. तिनें ती माझ्या गळ्यांत घातली आणि पोहे परतावयास निघून गेली.

त्यानंतर मी ओटीपर्यंत जातांनाही, “मी बाहेर जातें गं!” म्हणून ओरडत असें. मार्चांत रात्रीं गोठूं लागलें आणि दिवसा वितळूं लागलें, तसे मेपल झाडांना नळ्या ठोकून लोक रस काढूं लागले. महिनाअखेर जहाजें परत येऊं लागलीं. एप्रिलांत मी निघालें, त्या आठवड्यांतही नवा बर्फ पडला होता.

पुण्यास उतरलें तों ऊन मी म्हणत होतें. न्हाणीघरांत गळ्याशीं हात गेला आणि किल्ली हाताला लागली. परत द्यावयाची राहूनच गेली होती. संध्याकाळीं फोनवर विचारलें, “पोस्टानें पाठवूं का गं?”

“कशाला, आई?” ती म्हणाली. “राहूं द्या तुमच्याजवळ. पुढल्या हिवाळ्यांत लागेल.”