सूर आपल्या हाताशी

घरातील ज्येष्ठांसाठी गाणी ऐकण्याचे एखादे छोटे यंत्र घ्यावे, असा विचार आज अनेक कुटुंबांत होतो. निमित्त पंचाहत्तरीचे असते, सहस्रचंद्रदर्शनाचे असते, किंवा दीर्घ आजारानंतर कोणी रुग्णालयातून घरी परतलेले असते. हेतू चांगलाच असतो. निवड मात्र बहुधा घरातील तरुण मंडळी करतात आणि ती त्यांच्याच कसोट्यांवर होते: गाणी किती मावतात, यंत्र दिसते कसे, किंमत किती. वाचकहो, या लेखात मी आपल्यापुढे एक वेगळी कसोटी ठेवू इच्छिते. ज्या व्यक्तीसाठी हे यंत्र घ्यायचे, तिला ते कोणालाही हाक न मारता सुरू करता येईल का आणि बंद करता येईल का? उत्तर ‘होय’ असेल, तर बाकीच्या उणिवा चालवून घेता येतात. उत्तर ‘नाही’ असेल, तर उत्तमातील उत्तम यंत्रही महिन्याभरात कपाटात जाऊन बसते.

ही कसोटी मला अनुभवाने सुचली. माझे यजमान ७८ वर्षांचे आहेत. सात वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले. या आजारात हात थरथरतात, हालचाली मंदावतात, हे सर्वांना ठाऊक असते. झोपही मोडते, याची कल्पना फार थोड्यांना असते. ते रोज पहाटे तीनच्या सुमारास जागे होत आणि मी उठेपर्यंत अंधारात तसेच पडून राहत. आयुष्यभर रेडिओच्या सोबतीने जगलेला हा माणूस. ‘मग गाणी का लावली नाहीत?’ असे विचारल्यावर ते म्हणाले, “अगं, त्यासाठी तुला उठवावे लागले असते.” गाणी होती, वेळही होता, मधली एक पायरी तेवढी दुसऱ्याच्या हातात होती.

मुलाने गाण्यांसाठी आपला जुना मोबाइल दिला होता. मोबाइलमध्ये सारे काही मिळते, हे खरेच. परंतु थरथरत्या बोटाचा एक स्पर्श पडद्याला दोनदा झाल्यासारखा वाटतो आणि भलतेच काहीतरी उघडते. कुलूप उघडा, चिन्ह शोधा, जाहिरात संपण्याची वाट पाहा, मध्येच आलेला फोन बंद करा, या प्रत्येक पायरीला नजर, बोट आणि स्मरण या तिन्हींची साथ लागते. शिवाय अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर येणारा तो झगझगीत उजेड झोप आणखी दूर पळवतो. ज्यांना मोबाइल सहज हाताळता येतो, त्यांनी वेगळे यंत्र घेण्याचे कारण नाही. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी केवळ गाणी वाजवणारे साधे यंत्र आजही उपयोगी आहे.

खिशातून संगीत नेण्याची सोय १९७९ मध्ये वॉकमनने केली. २००१ मध्ये आलेल्या आयपॉडने कॅसेटीही अनावश्यक केल्या. पुढे मोबाइलने त्याचीही जागा घेतली आणि २०२२ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. तरीही बाजारात आज तीन प्रकार सापडतात. पहिला, गाणी आधीच भरलेला संच. २०१७ मध्ये आलेल्या ‘कारवां’मध्ये पाच हजार जुनी हिंदी गाणी होती, मराठी गाण्यांची आवृत्तीही पुढे निघाली. ज्यांच्या घरी गाणी भरून देणारे कोणी नाही, त्यांना हा प्रकार सोयीचा. दुसरा, मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह लावता येणारा आणि रेडिओ असलेला छोटा स्पीकर. तिसरा, खिशात मावणारा, लहान पडद्याचा आणि कानात इअरफोन घालून ऐकण्याचा प्लेअर. याचा आवाज सुरेख असतो. परंतु त्याची बटणे आणि अक्षरे इतकी बारीक असतात की, मोतीबिंदू किंवा संधिवात असलेल्यांना तो त्रासदायक ठरू शकतो.

यंत्राची परीक्षा दुकानातच, आणि ज्याचे यंत्र त्यानेच घ्यावी. आम्ही पुण्यातील तपकीर गल्लीत जाऊन पाच-सहा यंत्रे हाताळून पाहिली. जाण्याची वेळ मुद्दाम अशी निवडली की, यजमानांच्या औषधाचा परिणाम ओसरत आलेला असावा. हाताची परीक्षा त्याच्या पडत्या काळात घेतलेली बरी. औषध लागू असताना जमणारे काम पहाटे तीनला जमेलच असे नाही. त्यांनी डोळे मिटून प्रत्येक यंत्र चाचपले. एका सुबक स्पीकरला त्यांनी लगेच नकार दिला. त्यात एकच बटण थोडक्यात दाबले तर पुढचे गाणे लागे आणि दाबून धरले तर आवाज वाढे. कंप असलेल्या बोटाला ‘थोडक्यात’ आणि ‘दाबून’ यांतला फरक सांभाळणे कठीण. शेवटी त्यांनी जे यंत्र निवडले, ते सुनेच्या मते सर्वांत ओबडधोबड होते. त्याला आवाजाची गोल चकती होती आणि तीच फिरवली की जुन्या ट्रान्झिस्टरसारखा ‘टक्’ आवाज होऊन यंत्र सुरू किंवा बंद होई. त्या ‘टक्’ आवाजाची त्यांच्या बोटांना ओळख होती.

आपण निवड कराल तेव्हा आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर यंत्र जेथे थांबले होते तेथूनच वाजू लागते का? कीर्तन, प्रवचन किंवा पुस्तकवाचन ऐकणाऱ्यांना ही सोय फार मोलाची असते. ठरावीक वेळेनंतर यंत्र आपोआप बंद होण्याची व्यवस्था आहे का? झोप लागल्यावर ते रात्रभर वाजत राहू नये. बटणे ओळखू येत नसतील, तर मुख्य बटणावर एक जाडसर टिकली चिकटवावी. बोटाला तेवढी खूण पुरते.

हातानंतर कानाचा विचार. वाढत्या वयात प्रथम उच्च पट्टीतील आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, च, फ अशी व्यंजने पुसट होतात. गाणे ऐकू येते, शब्द मात्र कळत नाहीत. आवाज वाढवून हा दोष भरून निघत नाही, उलट उरलेल्या श्रवणशक्तीवर ताण पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि पातळी तीन डेसिबलने वाढली की हा अवधी निम्मा होतो. घरी डेसिबल मोजत बसण्याची आवश्यकता नाही. गाणे चालू असताना हातभर अंतरावरील माणसाचे साधे बोलणे ऐकू यावे, एवढे पथ्य पुरे. आवाज सतत वाढवावासा वाटत असेल, तर नवे यंत्र घेण्यापूर्वी कान तपासून घ्यावेत. कधी कधी साचलेला मळ एवढेच कारण निघते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी कानात घालायच्या इअरफोनऐवजी स्पीकर किंवा संपूर्ण कान झाकणारा हेडफोन वापरून पाहावा. काही नव्या श्रवणयंत्रांत ब्लूटूथने थेट गाणे ऐकता येते.

सुरक्षिततेच्या काही गोष्टी थोडक्यात सांगते. हेडफोन आणि स्पीकर यांत चुंबक असतो. हृदयात पेसमेकर बसवलेला असेल, तर ही साधने छातीपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावीत. हेडफोन गळ्यात अडकवू नये, प्लेअर शर्टाच्या खिशात ठेवू नये. रस्त्यावर फिरताना कान मोकळे असावेत. चार्जरची वायर पलंग आणि स्वच्छतागृह यांच्या वाटेत येऊ देऊ नये, कारण या वयात एक पडणे फार महाग पडते. यंत्र उशीखाली किंवा पांघरुणात ठेवून चार्ज करू नये, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ते वापरणे तत्काळ थांबवावे. टाइप-सी पद्धतीचे चार्जिंग असलेले यंत्र मिळाले तर उत्तम. ती पिन उलटसुलट कशीही बसते.

आता भरायचे काय? येथे मोठ्या आकड्यांचा मोह टाळावा. साधारण दर्जाच्या एमपी३ फाइलला एका मिनिटासाठी सुमारे एक एमबी जागा लागते. म्हणजे आठ जीबीच्या कार्डातही दीड-दोन हजार गाणी मावतात. एवढ्यांतून हवे ते गाणे शोधायचे कसे? आम्ही अवघ्या १२० गाण्यांनी सुरुवात केली. यादी यजमानांनी सांगितली, मी लिहून घेतली. माणसाला आपल्या किशोरवयातील आणि तारुण्यातील गाणी विशेष जवळची वाटतात. म्हणून ज्येष्ठांना ‘तुम्हाला कोणती गाणी आवडतात?’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘कॉलेजात असताना रेडिओवर काय ऐकत होता? लग्नानंतर पहिले नाटक कोणते पाहिले?’ असे विचारावे. यादी तयार होता होता अर्धी संध्याकाळ गप्पांत जाते आणि तीही या खरेदीची एक मिळकतच असते.

क्रमाकडेही लक्ष द्यावे लागते. पुणे आकाशवाणीवरून १९५५ मध्ये सुरू झालेले गीतरामायण ५६ गीतांचे आहे. ते उलटसुलट वाजले तर रामकथाच विस्कटते. यंत्राला मात्र कथा समजत नाही. फाइलींना १, २, ३ अशी नावे दिली, तर काही यंत्रे एकनंतर दहावे गाणे वाजवतात. म्हणून ०१, ०२, ०३ अशी दोन आकडी नावे द्यावीत आणि त्याच क्रमाने एकेक फाइल कार्डात उतरवावी. अनेक स्वस्त यंत्रे उतरवण्याचा क्रमच पाळतात. गाणी उलटसुलट वाजवण्याची सोय बंद ठेवावी.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या बाबतीत हे सारे अधिक हळुवारपणे करावे लागते. २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘अलाइव्ह इनसाइड’ या अमेरिकी माहितीपटात वृद्धाश्रमातील हेन्री नावाचे गृहस्थ दिसतात. एरवी मान खाली घालून निःशब्द बसणारे हे गृहस्थ आवडीची गाणी कानी पडताच डोळे उघडतात, गुणगुणतात, बोलू लागतात. असे प्रत्येक वेळी होतेच असे नाही. संगीताने आजार बरा होत नाही, आणि एखादे गाणे जुने दुःखही जागे करू शकते. म्हणून पहिल्यांदा ऐकवताना शेजारी बसावे, चेहरा पाहावा. अस्वस्थता दिसली तर ते गाणे यादीतून काढून टाकावे.

आमच्या घरातील बदल साधाच आहे. पहाटे कधी अर्धवट जाग आली, तर शेजारून उशीपुरत्या आवाजात एखादे नाट्यपद ऐकू येते. ते जागे आहेत आणि स्वस्थ आहेत, हे मला कळते आणि मी कूस बदलून पुन्हा झोपते. शुश्रूषा करणाऱ्यालाही झोप लागते, हे घरोघरी विसरले जाते. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही संथ, ठळक ठेक्याची चार गाणी वेगळी काढली आहेत. कंपवातात चालताना पाऊल अडखळते, तेव्हा असा ठेका पावलांना आधार देतो. हा प्रयोग मात्र प्रत्येकाने तज्ज्ञाला विचारून आणि कोणी सोबत असतानाच करावा.

शेवटी एक विनंती, विशेषतः अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना. ‘त्यांना बरे वाटावे’ म्हणून दिवसभर भजने किंवा दूरदर्शन चालू ठेवलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत. आत पडलेल्या माणसाला तो आवाज नको असेल, तर त्याने काय करावे? शांतता हीसुद्धा मागण्याची गोष्ट आहे. म्हणून यंत्र घरी आले की आधी बंद करायला शिकवावे, सुरू करणे नंतर. ज्यांचा हातच चालत नाही, त्यांच्याशी एखादी खूण ठरवावी: एक बोट उचलले की पुरे, डोळे दोनदा मिटले की पुरे. गाणे लावण्यापूर्वी विचारावे, पहिले गाणे संपेपर्यंत शेजारी बसावे आणि ती खूण दिसताच, गाणे आपल्या कितीही आवडीचे असले तरी, बंद करावे.