रांगेतली पोरं

“आम्ही रीतसर रांगेतून आलो.” न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याची मान किंचित ताठ होते. माझे मेहुणे त्यांतलेच. एच-वन-बी व्हिसा, वेळेवर भरलेला कर, दर खेपेची मुदतवाढ. कुठे काना-मात्रेची चूक नाही. त्यांची मुलगी रांगत असताना एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, इथे आली. ती आता बारावीत आहे. तिचे कॉलेजचे अर्ज भरताना मी शेजारी बसत असे.

निबंधाने तिला छळलं नाही. बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या कॉमन ॲप अर्जातले 650 शब्द तिने पावसात भिजत ट्रॉम्बोन वाजवण्यावर खर्च केले आणि झकास लिहिले. अडली ती नागरिकत्वाच्या रकान्यात. ‘भारत’ म्हटलं की लगेच व्हिसाची चौकशी. सोशल सिक्युरिटी नंबर? नाही. एच-फोरवरच्या मुलांना कामाची परवानगी नसते, म्हणून तो नंबरही नसतो. मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात कमवत होत्या तेव्हा ही घरीच होती.

“मावशी, म्हणजे मी इंटरनॅशनल?”

बऱ्याच कॉलेजांच्या हिशेबी, हो. केंद्र सरकारची मदत ज्या फाफ्सा अर्जावर मिळते, तो तिच्यासाठी बंद. गरजू विद्यार्थ्यांची पेल ग्रँट नाही, सरकारी कर्जही नाही. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी मिळेल का, हे राज्याराज्यावर अवलंबून. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि लागेल तेवढी मदत करणारी ठिकाणं आहेत, पण ती हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी असली. म्हणजे ज्याच्या खिशात कमी, त्याने सगळ्यांत अवघड दार ठोठावायचं!

या सगळ्याच्या मुळाशी ती रांगच आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे 1 लाख 40 हजार ग्रीन कार्डं निघतात आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण 7 टक्के. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. 2025 च्या उन्हाळ्यात ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या गटातल्या भारतीयांमध्ये 2013 च्या आधी अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. मेहुण्यांचा अर्ज त्यानंतरचा. मूल 21 वर्षांचं झालं की, थोडीफार सवलत सोडली तर, ते आईबापांच्या अर्जातून गळतं. तोवर स्वतःचा व्हिसा मिळवायचा, नाहीतर देश सोडायचा. अशा मुलांसाठी 2021 मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

मंडळाच्या गणपतीत हा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, “बिनकागदवाल्यांना सगळं मिळतं, आपल्यालाच नाही.” मला हे ऐकवत नाही. लहानपणी इथे आलेल्यांना देशाबाहेर न काढणारी 2012 ची डाका योजना कागद नसलेल्यांपुरतीच होती आणि आपली पोरं तिच्याबाहेर राहिली, हे खरं. पण फाफ्साची मदत त्या मुलांनाही नाही. दोघं एकाच बंद खिडकीबाहेर उभी आहेत. आपल्या हातात फाइल आहे, एवढाच फरक. त्या फाइलचा तोरा मिरवून पोरीची फी भरली जात नाही.

खरी गंमत एफ-वनची. एकविशीच्या आत विद्यार्थी व्हिसावर जायचं तर शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा दाखवावा लागतो. बापाने सरकारला लेखी कळवलंय की आम्हाला इथेच राहायचंय; लेकीने त्याच सरकारला कळवायचं की मी जाणार. कुठे? सांगलीला. तिथे तिची आजी आहे, आजीकडे गेलं की डासांनी सुजलेले पाय आहेत, आणि तिला न वाचता येणाऱ्या पाट्या आहेत. वकिलाने सांगितलं, एवढ्यात नको, विसावं लागलं की बघू. फी मात्र याच भेटीची घेतली.

अर्ज गेले. यादीत तिने आपणहून टोरांटो घातलं. मेहुण्यांना ते अजून पटलेलं नाही. अर्जाचे पैसे मात्र त्यांनीच भरले, आणि हल्ली रात्री जेवणं झाल्यावर ते कॅनडाचे नियम वाचत बसतात.