डिशवॉशरमध्ये पाणी येत नाही तेव्हा



डिशवॉशर आपल्या आचारात बसतं का, यावर लिही असं तुमच्यापैकी बऱ्याच जणी सांगत होत्या. मी टाळत होते, कारण आमच्याच घरात त्यावर एकमत नव्हतं. ह्या चातुर्मासात ते यंत्र पाणीच घेईना, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने तो जुना वाद पुन्हा ओट्यावर आला. म्हणून आज दोन्ही एकदम लिहिते. ज्यांना फक्त दुरुस्ती हवी आहे त्यांनाही उपयोग होईल असं बघते.

आधी आमचं घर कसं आहे ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आम्ही कोंडाण्याला राहतो. कर्जतहून कोंदिवड्याच्या रस्त्याने आलं की पुढे आमचं गाव, वर राजमाचीचा डोंगर, त्याच्या कुशीत लेणी आणि खाली उल्हास नदी. पाणी घरच्या विहिरीचं. मोटरने ते स्लॅबवरच्या टाकीत चढतं आणि टाकीतून आपल्या वजनाने नळाला येतं. पंप नाही, सोसायटीची उंच टाकी नाही. घर एकमजली.

यंत्र घेतलं ते आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण कढई उचलून घासायची म्हटली की हात थरथरतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई आषाढात भाताच्या लावणीला जातात. जायलाच हवं, स्वतःची शेती आहे त्यांची. म्हणजे ऐन पावसात सगळी भांडी आम्हा दोघींवर. आणि आईंचा नियम असा की उष्टं ताट एका मुहूर्ताच्या वर, म्हणजे ४८ मिनिटांच्या वर तसंच ठेवायचं नाही. त्यानंतर त्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात असं आपल्यात मानतात, ते तुम्हाला माहीतच आहे. बाकीचं जग डिशवॉशर वापरतं ते दिवसभराची भांडी रचून रात्री एकदाच लावायला. आमच्या घरात ते चालणारच नव्हतं. त्यामुळे तडजोड अशी ठरली की जेवण झाल्याझाल्या भांडी आत, आणि अर्धं रिकामं असलं तरी लगेच चालू. संध्याकाळचं जेवण साडेपाचला, म्हणजे दिवेलागणीच्या आत सगळं आवरतं.

यंत्र पाणी वाचवतं असं सगळे सांगतात. नळ सोडून भांडी घासणाऱ्यांच्या बाबतीत खरं असेल. आईंची पद्धत दोन घमेल्यांची: एकात घासायचं, एकात विसळायचं, आणि विसळलेलं पाणी अळूला. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत एका फेरीला दहा-बारा लिटर लिहिलंय. आई तेवढ्यात दोन वेळची भांडी काढतात. तेव्हा वाचलं ते पाणी नाही, त्यांचं मनगट वाचलं.

तर झालं असं. आषाढातली अष्टमी दुसऱ्या दिवशी होती, सांगलीहून नणंद आणि मुलं आलेली, आठ माणसांची ताटं आत. बटण दाबलं. सुरुवातीला नेहमीसारखं घर्र झालं, म्हणजे आतलं उरलेलं पाणी बाहेर टाकलं. मग एक बारीक गुणगुण सुरू झाली आणि तीच चालू राहिली. पाणी आत पडल्याचा आवाज नाही. काही मिनिटांनी यंत्र थांबलं आणि नळाचं चित्र लुकलुकायला लागलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. आईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, पदर खोचला आणि ताटं बाहेर काढायला लागल्या. मी आणि नणंद घासत होतो तरी त्या विसळायला उभ्या राहिल्याच. रात्री मनगटाला शेक द्यावा लागला.

कर्जतच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "व्हॉल्व्ह गेला असणार, बदलावा लागेल, पण कोंडाण्यापर्यंत यायला पुढचा आठवडा." न बघता त्याला कसं कळलं, हा माझा प्रश्न. आणि पुढच्या आठवड्यापर्यंत रोज तीन वेळची भांडी. आई म्हणाल्या, "देऊन टाक गं ते परत. नाहीतरी न गाळलेलं पाणी पितं ते." हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं, कारण ते खरं होतं. त्याकडे येतेच.

यंत्र पाणी घेत नसेल तर पहिली गोष्ट कान लावून ऐकायची. गुणगुण येत असेल तर यंत्र पाणी मागतंय, पण त्याला ते मिळत नाही. गुणगुण अजिबात नसेल तर ते मागतच नाहीये. मग दार नीट बसलंय का, उशिरा सुरू होण्याची वेळ चुकून लागली आहे का, हे बघायचं. एवढ्या फरकाने निम्मं काम होतं.

न मागण्याचं आणखी एक कारण नणंदेने सांगितलं. तिच्याकडे हेच झालं होतं. यंत्राच्या आत, तळाशी कोपऱ्यात, अळंबीसारखी दिसणारी एक प्लास्टिकची टोपी असते. पाणी जास्त झालं की ती वर तरंगते आणि यंत्राला कळतं की आता पुरे. (सगळ्या यंत्रांत ती नसते.) तिच्या टोपीखाली मुगाची सालं अडकली होती. टोपी वरच राहिली, आणि कोरडं यंत्र स्वतःला भरलेलं समजत बसलं. टोपी बोटाने वरखाली हलली पाहिजे. आमची हलत होती.

उलट यंत्र सारखं पाणी बाहेर फेकण्याचाच आवाज करत असेल आणि थांबत नसेल, तर खालच्या तबकात गळतीचं पाणी साचलेलं असू शकतं. तेव्हा ते मुद्दामच भरत नाही, घर पाण्याखाली जाऊ नये म्हणून. तिथे मात्र मेकॅनिकच बोलवा.

आमची गुणगुण होती. म्हणजे मागणी होती, पुरवठा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अष्टमी, आईंचा उपास. आरंभाची कामं त्या दिवशी नकोत म्हणून नवमीला सकाळी हात घातला. प्लग काढला, यंत्रामागचा नळ बंद केला, नळी यंत्राकडून सोडवली, तिचं टोक बादलीत धरलं आणि नळ उघडला. मापाचा लिटरचा डबा भरायला पंचवीस सेकंद लागले. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या नळाला तोच डबा आठ सेकंदांत भरला. टाकी तीच, विहीर तीच. मग दोष यंत्राच्या नळातच, ज्याला प्लंबर अँगल कॉक म्हणतात. तो खोलायला गावातल्या प्लंबरदादांना बोलावलं. आतून चिमूटभर बारीक वाळू आणि तांबडा गाळ निघाला. पावसाळ्यात डोंगरावरून जे पाणी झिरपतं त्याने विहीर गढूळ होते, मोटर तो गाळ टाकीत चढवते, आणि तो बसतो अशाच अरुंद जागी.

दुसरी अरुंद जागा यंत्राच्या पाठीवर होती. नळी जिथे यंत्राला जोडते तिथे आत नखाएवढी एक प्लास्टिकची जाळी असते. बारीक चिमट्याने हलकेच ओढली की निघते. आमची जाळी दिसतच नव्हती, तिच्यावर तांबड्या मातीचा थर बसला होता.

आता हे गुणगुणणं म्हणजे काय, ते प्लंबरदादांनी सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. त्या जाळीमागे व्हॉल्व्ह असतो. वीज तो सगळा उघडत नाही. वीज फक्त एक अगदी बारीक भोक उघडते, आणि मग आतला रबरी पडदा पाणी स्वतःच्या दाबाने उचलतं. पाण्याला दाब नसेल तर वीज गुणगुणत राहते आणि पडदा हलत नाही. व्हॉल्व्ह गेलेला नसतो, त्याला उचलणारं कोणी नसतं.

दाब येतो उंचीवरून. टाकी पाचशे लिटरची की दोन हजारांची याने काही फरक पडत नाही, पाण्याची पातळी नळापेक्षा किती वर आहे तेवढंच मोजायचं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब. आमच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार लागतो असं आहे, म्हणजे तीन मीटर. टाकी काठोकाठ असेल तर आमच्याकडे चार मीटर मिळतात, तळाला गेली की तीन. म्हणजे आमचं यंत्र पहिल्या दिवसापासून काठावरच चालत होतं. उन्हाळ्यात पाणी स्वच्छ, तेव्हा निभावलं. पावसात वाळू आली आणि जे थोडं शिल्लक होतं तेही गेलं. तुमच्याकडे एकमजली घर आणि स्लॅबवर टाकी असेल तर यंत्र घेण्याआधी पुस्तिकेतला हा आकडा बघा. दुकानात कोणी सांगत नाही. भांड्यांचे किती सेट बसतात एवढंच सांगतात.

कॉक बदलला, जाळी बसवली, लिटरचा डबा आता आठ सेकंदांत भरला, आणि यंत्राने पहिल्या झटक्यात पाणी घेतलं. व्हॉल्व्ह तोच आहे. मेकॅनिकला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

पण जाळी बसवण्याआधी जे झालं ते सांगायचं राहिलं. मी ती नळाखाली धरणार तेवढ्यात आईंनी हात धरला. "अगं, हे गाळणंच आहे ना? मग याची जिवाणी?"

दुहेरी कापडाने पाणी गाळायचं, आणि गाळण्यावर जे राहतं ते त्याच पाण्यात परत सोडायचं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पाणी स्वतः अप्काय, तो जीव तर आपल्याकडून दुखावला जातोच. निदान त्यातले हलणारे-चालणारे त्रस जीव वाचावेत, म्हणून गाळणं. आणि विहिरीचे जीव विहिरीतच गेले पाहिजेत, मोरीत नाहीत. आईंनी वाटीत टाकीतलंच पाणी घेतलं, जाळी त्यात हलवून धुतली आणि ती वाटी आमच्या जिवाणीच्या बादलीत ओतली. ह्या बादलीच्या तळाला कडी असते. त्या कडीला दोर बांधून ती विहिरीत पार खालपर्यंत सोडतात, पाण्याला टेकली की कलंडते, वरून आपटत नाही. उजवं मनगट दुखत होतं म्हणून दोर मी धरला.

त्या गाळात जिवंत काही होतं का? कोण जाणे. किती दिवस ते जाळीवर दाबून बसलं होतं. पण आईंनी ते विचारलं नाही, आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही.

गंमत म्हणजे आमच्या वरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी जे बौद्ध भिक्खू राहत, त्यांच्याही ठरावीक आठ वस्तूंत भिक्षापात्र, चीवर, वस्तरा, सुई यांच्याबरोबर पाणी गाळायचं गाळणं असायचं. पावसाळ्यात एका जागी राहायचं हाही त्यांचा नियम होताच, आपल्या साधूंसारखा. ह्याच डोंगराचं पाणी गाळलं असणार त्यांनी. लेण्यांवरून पावसात जो धबधबा कोसळतो तो बघताना आता मला हेच आठवतं.

आईंच्या मूळ आक्षेपावर आम्ही काय केलं? मोटरचं पाणी टाकीत जिथे पडतं तिथे जाड दुहेरी कापडाची पिशवी बांधली. मोटर बंद झाली की ती उलटी करून जिवाणी विहिरीत. गाळ अडतो आणि जीवही पुष्कळ वाचतात. पण म्हणून यंत्रात जातं ते पाणी शास्त्राप्रमाणे गाळलेलं आहे असं मी म्हणणार नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा पुन्हा तीच ४८ मिनिटं, आणि टाकीत पाणी दिवसभर राहतं. शिवाय यंत्र ते तापवतं. ज्यांचे नियम कडक आहेत त्यांनी हे यंत्र घेऊ नये, असंच माझं मत आहे. ज्यांच्या घरी दुखरा हात आहे त्यांनी आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारून ठरवावं, माझं वाचून नाही.

आईंनी स्वतःपुरतं ठरवलंय. पूजेचे कलश, पिण्याच्या पाण्याची भांडी आणि त्यांचं स्वतःचं ताट यंत्रात जात नाही. ते त्या हाताने धुतात, गाळलेल्या पाण्याने, डाव्या हातात धरून. कढया, कुकर आणि आमची ताटं यंत्रात.

पावसाळाभर जाळी दर तेरसेला काढायची असं ठरलंय, चतुर्दशीला उपास असतो म्हणून. यंत्र लावायच्या आधी मोटर चालवून टाकी भरून घ्यायची. लेकाने टाकीचा चौथरा दीड मीटर उंच करूया म्हटलंय, दाबासाठी. गवंडी म्हणतो भात कापणी झाल्यावर येईन.