श्रीखंडाच्या झाकणाचा सज्जा

लग्नसराईत मी मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी घुटमळतो. शाळेत शिकवणारा माणूस उष्ट्या बाटल्या चाळतो म्हटल्यावर आचारी हसतात. हसू देत. मुलांसोबत पाण्याचं रॉकेट करायला मला सोड्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या हव्या असतात. साध्या पाण्याच्या बाटल्या पातळ, हवा भरली की दगा देतात. सोबत श्रीखंडाची झाकणंही उचलतो.

या खेपेला मुलांनी हट्ट धरला, रॉकेट आपल्या बिदरचं दिसलं पाहिजे. बिदरचं म्हणजे महमूद गवानच्या मदरशाचा मिनार. 1472 च्या सुमाराचा, सुमारे 131 फूट उंच, वर घुमट, अंगावर निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरशांच्या नागमोडी पट्ट्या. आकार आयताच रॉकेटचा. दोन लिटरच्या बाटलीवर एक लिटरची, तिच्यावर अर्ध्या लिटरची कापून बसवली की तीन मजले निमुळते होत जातात. हवा-पाणी फक्त खालच्या बाटलीत; वरच्या दोन नुसत्या शोभेच्या. घुमटाला अर्धा प्लॅस्टिकचा चेंडू, आत मूठभर शाडू, कारण नाक जड हवं. नागमोडी पट्ट्या रेडियमवाल्याने कापून दिल्या. पंख थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतले.

पंखांनी पहिला धडा दिला. पीएलएचे पंख डिकीत ठेवून मी मे महिन्यात कलबुर्गीहून भालकीला आलो, तर त्यांचे केळीच्या सालीसारखे कान लोंबत होते. हे प्लॅस्टिक साठेक अंशाला मऊ पडतं, आणि उन्हातली डिकी म्हणजे आमच्याकडे भट्टीच. मग पीईटीजीचे केले. ते बाटलीच्याच गोत्रातलं.

खरा घोळ सज्ज्यांचा. मिनाराला असतो तसा सज्जा म्हणून प्रत्येक मजल्याला श्रीखंडाचं झाकण भोक पाडून अडकवलं होतं. दिसायला झकास. रॉकेट सुतळी बांधून गोफणीसारखं गरगरा फिरवलं तर नाक पुढे ठेवून नीट फिरलं. पण तुरीच्या मोकळ्या रानात उडवलं तेव्हा जेमतेम चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेलं आणि धापकन खाली आलं. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी होतं, पंपाने हवा नेहमीइतकीच भरली होती. झाकणांच्या सपाट कडा वाऱ्याला आडव्या येत होत्या.

पुढच्या रविवारी बिदरला जाऊन मिनाराखाली मान मोडेस्तोवर उभा राहिलो. इतकी वर्षं पाहिलेली गोष्ट तेव्हा दिसली. तिथले सज्जे टेकूंवर बसवलेले नाहीत. भिंतच हळूहळू बाहेर वळत जाते आणि तिचाच सज्जा होतो. थ्रीडी प्रिंटरलाही असंच आवडतं. एकदम आडवं बाहेर काढलं तर खाली आधाराचं जाळं छापावं लागतं, नंतर ते खरवडत बसा. हळू वळवत नेलं तर थरावर थर आपसूक टेकतो. झाकणं फेकली आणि तशी वळणदार कडी छापली. वाराही त्यांच्यावरून निसटला. झाकणवाल्याच्या दुप्पट उंच गेलं, आमच्या डोळ्यांच्या मापाने.

दिवाळीतली दारू भरून बघू, असं एक पोरगं म्हणालं. त्याला मदरशाची दुसरी बाजू दाखवली. तिथेही असाच मिनार होता. 17 व्या शतकाच्या अखेरीस मदरशात बंदुकीची दारू साठवली होती, तिचा स्फोट झाला आणि मिनारासकट दर्शनी भागाचा मोठा तुकडा गेला. आमचा मिनार पाण्यावरच उडणार. आणि बिदर शहरात तर तोही नाही. तिथलं आकाश हवाई दलाचं. 1996 साली तिथेच सुरू झालेल्या सूर्यकिरण पथकाची विमानं पाहायला माना वर कराव्यात, मध्ये आपली बाटली घुसवू नये.

तुम्ही बिदरला आलात तर फोटो काढून लगेच निघू नका. मिनाराच्या बुडाशी उभं राहून सज्ज्याची खालची बाजू बघा.